लेक कॉलेजात उभी राहतेय? अर्ज तिलाच भरू द्या!

कॉलेजे उघडून महिना-दीड महिना झाला की तालुक्याच्या गावी एक कुजबुज सुरू होते. यंदा जीएस कोण, सीआर कोण आणि मुलींची एलआर कोण? जीएस म्हणजे विद्यार्थी परिषदेचा सचिव, सीआर म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी आणि एलआर म्हणजे विद्यार्थिनींची प्रतिनिधी. आता समजा, धारा काढून झाल्या आहेत, भाकरी तव्यावर आहे आणि तुमची लेक हळूच म्हणाली, ‘आबा, मी यंदा एलआरला उभी राहू का?’ तर तुम्ही काय म्हणाल?

बहुतेक घरांत याचे उत्तर ठरलेले असते. ‘तुला शिकायला धाडलंय, पुढारपण करायला नाही.’ आणि ज्या घरात थोडेफार राजकारण मुरलेले आहे, तिथे चुलता लगेच बाह्या सरसावतो. ‘राहू दे की उभी! गाडी आपली, माणसं आपली. बॅनर उद्याच छापून घेऊ.’ पाहा, दोन्ही उत्तरे तोंडावर आहेत, पण दोन्हींत मुलगी कुठेच नाही. पहिल्याने तिला दारातच अडवले, दुसऱ्याने तिला बाजूला सारून निवडणूक आपल्या ताब्यात घेतली.

तिसरे उत्तर असू शकते. ते देण्याआधी ही जागा आहे काय, तिचे काम काय आणि त्यात तुमच्या-आमच्या घराचा संबंध काय, हे समजून घ्यायला हवे.

जागा जुनीच, मत नवे

महाराष्ट्रात एके काळी कॉलेजच्या निवडणुका मोठ्या गाजत. मिरवणुका, मारामाऱ्या, मतदारांची पळवापळवी, सगळे काही चाले. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ चा महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला आणि थेट मतदान थांबले. परीक्षेत पहिला येईल तो वर्गाचा प्रतिनिधी झाला आणि मुलींच्या प्रतिनिधींची नावे प्राचार्यांनी नेमायची, अशी रीत पडली.

भांडणे मिटली, हे खरे. पण सोसायटीवर प्रशासक बसला की काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. कागदपत्र नीट राहते, आरडाओरडा होत नाही. पण सभासदाला दाद मागायला माणूस उरत नाही. ज्याने नेमले त्याच्याकडे तोंड आणि बाकीच्यांकडे पाठ. मुलींच्या प्रतिनिधीचे तसेच झाले. स्नेहसंमेलनात पाहुण्यांना गुच्छ द्यायचा, रांगोळीच्या स्पर्धेची यादी करायची आणि वर्ष संपले की फोटोत उभे राहायचे.

मग महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ आला. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९९ मध्ये विद्यार्थी परिषदेची रचना दिली आहे. कॉलेजच्या परिषदेत एक अध्यक्ष, एक सचिव, एक महिला प्रतिनिधी, मागासवर्गीयांमधून आळीपाळीने एक प्रतिनिधी आणि प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी, हे निवडून यायचे. पूर्णवेळ शिकणारा प्रत्येक विद्यार्थी मतदार. म्हणजे एकेकाला पाच मते. एक वर्गाच्या प्रतिनिधीसाठी, उरलेली चार त्या चार पदांसाठी.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. महिला प्रतिनिधीला मुलींइतकीच मुलांचीही मते असतात. म्हणून उभी राहणारी मुलगी फक्त मैत्रिणींच्या घोळक्यात फिरून निवडून येत नाही. तिला मुलांच्या बाकांपुढेही उभे राहून बोलावे लागते. आपल्या गावात चावडीपुढून जाताना पदर सावरून मान खाली घालणाऱ्या पिढीच्या नातीला हे करायचे आहे, हे लक्षात घ्या म्हणजे त्यातले धाडस कळेल.

ही शिडी इथेच संपत नाही. कॉलेजात निवडून आलेले अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि मागासवर्गीय प्रतिनिधी हे विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेचे मतदार होतात आणि आपल्यातूनच तिथले पदाधिकारी निवडतात. तिथेही महिला प्रतिनिधीची जागा आहे. विद्यापीठ परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव अधिसभेवर बसतात. म्हणजे आज एस.टी.च्या दांड्याला लटकून येणारी पोरगी उद्या कुलगुरूंसमोर बोलू शकते, एवढी वाट कायद्याने मोकळी केली.

वाट मोकळी झाली तरी गाडी मात्र अडली. २०१९ साली निवडणुका घ्यायचे ठरले, तर विधानसभेच्या निवडणुकीमुळे त्या पुढे ढकलल्या गेल्या. पाठोपाठ २०२० साली कोरोना आला आणि कॉलेजेच बंद झाली. म्हणून तुमच्या मुलीच्या कॉलेजात यंदा निवडणूक आहे की नेमणूक, हे तिने आधी प्राचार्यांच्या कार्यालयात विचारून घ्यावे. नेमणूक असली तरी पुढे सांगितलेले काम बदलत नाही. फक्त पाठीशी मुलींच्या सह्यांचा कागद असला पाहिजे.

एलआरने करायचे काय?

विद्यार्थ्यांचे कल्याण पाहणे हे कायद्याने परिषदेला दिलेले काम आहे. परिषदेने राजकारण करू नये, असेही त्यात म्हटले आहे. कल्याण हा शब्द मोठा गुळगुळीत. त्याचा अर्थ मुलींच्या भाषेत काय होतो, तो ऐका.

मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही. म्हणून मुली सकाळी घरून निघाल्यापासून दुपारी घरी परत येईपर्यंत पाणी पीत नाहीत. ही गोष्ट कोणती मुलगी बापाला सांगते? आईलाही सांगत नाही. पुढे लघवीची जळजळ सुरू झाली की दवाखान्याचा खर्च मात्र बापाच्या खिशातून जातो. शेवटचा तास साडेचारला सुटतो आणि गावची एस.टी. सव्वाचारला निघून जाते. मग मुलगी एकतर तास बुडवते, नाहीतर वडापमध्ये दाटीवाटीने बसून अंधारात फाट्यावर उतरते. वसतिगृहाच्या दाराशी दिवा नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज बँक खात्याच्या चुकीने परत आला, पण कोणी कळवले नाही.

यातली एकही गोष्ट मोठी नाही. पण यांतल्याच एखाद्या गोष्टीने मुलीचे शिक्षण सुटते. २०१५ च्या दुष्काळात लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीने एस.टी.च्या पासाला घरात पैसे नाहीत म्हणून जीव दिला, हे आपण विसरलेलो नाही. तिच्यासारख्या मुलीला ‘माझ्याकडे पास नाही’ हे शब्द उच्चारायला एक माणूस हवे असते. शिक्षकांना सांगायला भीड पडते, घरी सांगायला जीव होत नाही. बरोबरीच्या मुलीला सांगता येते. त्या बरोबरीच्या मुलीला कार्यालयात जाऊन बोलायचा अधिकार असावा, यासाठी ही जागा आहे.

आणि ती काम कसे करते, हेही तुम्हाला ओळखीचे वाटेल. पाण्याची पाळी मिळाली नाही तर तुम्ही काय करता? तोंडी बोलता, मग लेखी अर्ज देता, आवक क्रमांक घेता, पोच जपून ठेवता. तिनेही तेच करायचे. ‘मुलींची फार गैरसोय होते’ असा अर्ज फायलीत पडून राहतो. ‘पहिल्या मजल्यावरील दोन्ही नळ सोमवारपासून बंद आहेत’ असा अर्ज शिपायालाही हलवतो. परिषदेच्या बैठकीत बोललेले इतिवृत्तात लिहिले गेले का, हे तिने पुढच्या बैठकीत वाचून पाहायचे. ग्रामसभेचे इतिवृत्त ज्याने कधी वाचून पाहिले आहे, त्याला याचे मोल सांगायला नको.

दुसरी खुर्ची, जास्त जोखमीची

एलआरच्या जागेशेजारी आणखी एक जागा आहे. तिच्याविषयी गावात फारसे कोणाला ठाऊक नसते. ती म्हणजे अंतर्गत तक्रार समितीवरील विद्यार्थ्यांची जागा. मुलींची छेडछाड, लैंगिक छळ यांच्या तक्रारी ऐकणारी ही समिती.

या समितीचे मूळ एखाद्या विद्यापीठात नाही, एका खेड्यात आहे. राजस्थानात जयपूर जिल्ह्यातील भटेरी गावी भंवरी देवी नावाची बाई सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करीत होती. १९९२ साली तिने गावातला एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्याचा राग धरून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. पण बायकांच्या संघटना त्याआधीच सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल लागला आणि काम करणाऱ्या बाईची तक्रार ऐकायला प्रत्येक ठिकाणी समिती हवी, असे न्यायालयाने सांगितले. आपले काम इमानाने करणाऱ्या एका खेड्यातल्या बाईने सोसले, त्यातून देशाला ही समिती मिळाली.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने १९९९ साली अशी समिती केली आणि तिच्यावर विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी घेतले. २०१७ साली विद्यापीठाने ती समिती बंद करून तिच्या जागी अंतर्गत तक्रार समिती आणली, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी मोठा विरोध केला. दरम्यान २०१३ साली संसदेने कायदा केला आणि २०१५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने देशातल्या सगळ्या कॉलेजांसाठी विनियम काढले. त्यांप्रमाणे समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक असावी लागते. निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख यांच्यासारख्या मोठ्या पदावरच्या माणसांना समितीवर बसता येत नाही. आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तेव्हा पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या पातळ्यांवरचे तीन विद्यार्थी समितीत बसतात. ते उघड आणि लोकशाही रीतीने निवडलेले असावेत, असे विनियमांत स्पष्ट लिहिले आहे.

तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिन्यांची मुदत देऊ शकते. मुलीला लिहून देता येत नसेल, तर समितीच्या सदस्यांनी तिला लिहायला मदत करायची. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची. समितीवर कोण आहे, हे कॉलेजच्या दर्शनी भागात लावलेले असले पाहिजे. पुढच्या वेळी फी भरायला कॉलेजात जाल, तेव्हा तो फलक कुठे आहे ते जरा पाहून या.

आता कळीचा मुद्दा. मुली तक्रार का करीत नाहीत? छेडणाऱ्याला भितात म्हणून? थोडेफार तसे असेल. पण गावाकडच्या मुलीची मोठी भीती दुसरी आहे. ‘घरी कळलं तर माझं कॉलेज बंद होईल.’ छेड काढणाऱ्याला शिक्षा होईल न होईल, आपल्याला मात्र शिक्षा होणार, हे ती पक्के धरून चालते. आणि बंधूंनो, हा तिचा अंदाज किती घरांत चुकीचा आहे, ते आपणच आपल्या मनाला विचारावे. बैल उधळून शेजाऱ्याच्या पिकात शिरला तर आपण बैलाला वेसण घालतो. नासाडी झालेल्या शेताला कुंपणात कोंडून पेरायचे थांबत नाही. मग इथेच उलटा न्याय का?

म्हणून ही भीती जिच्याजवळ बोलता येईल अशी एक मुलगी कॉलेजात हवी. ती निवडून आलेली असली, तर मुली तिच्याकडे जातात. ती कोणाची तरी पुतणी म्हणून बसवलेली असली, तर जात नाहीत; कारण सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचेल, ही धास्ती असते. तक्रार करणाऱ्या मुलीचे नाव, गाव, ओळख कायद्याने गुप्त ठेवावी लागते. प्रतिनिधी झालेल्या मुलीने ही गोष्ट आईलासुद्धा सांगायची नाही. आणि आपणही तिला विचारायचे नाही. ‘काय गं, कोणाच्या पोरीचं प्रकरण आहे?’ एवढा एक प्रश्न तिची पत घालवायला पुरतो.

सरपंच आणि पोलीस पाटील मंडळींना इथे हात जोडून सांगणे आहे. असे प्रकरण कानावर आले की ‘बसून मिटवू’ ही आपली जुनी सवय. २०१३ चा कायदा सांगतो, की समझोता करायचा तर तो तक्रार करणाऱ्या बाईनेच मागितला पाहिजे आणि पैसे घेऊन समझोता चालत नाही. दोन्हीकडच्या बापांना चहाला बोलावून, मुलीला न विचारता मिटवलेले प्रकरण हे मिटलेले नसते. ते फक्त मुलीच्या पोटात गेलेले असते.

उभे राहायचे तर नियम कोणते?

देशातल्या कॉलेज निवडणुकांसाठी माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने शिफारशी केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये त्या लागू करायला सांगितले. त्यांतल्या आपल्या कामाच्या अशा:

उमेदवाराची हजेरी किमान ७५ टक्के हवी. त्या वर्षी विषय राहिलेले नसावेत. पदवीला शिकणाऱ्या उमेदवाराचे वय १७ ते २२ असावे. खर्च उमेदवारामागे जास्तीत जास्त ५ हजार रुपये, आणि निकालानंतर दोन आठवड्यांत त्याचा हिशेब द्यायचा. राजकीय पक्षाचा पैसा घ्यायचा नाही. छापील पत्रके, छापील पोस्टर बंद. हाताने लिहिलेली पोस्टर चालतात, तीही ठरवून दिलेल्या जागीच. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळे दहा दिवसांत आटोपायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, जो त्या कॉलेजचा विद्यार्थी नाही, त्याने या निवडणुकीत कोणत्याही नात्याने भाग घ्यायचा नाही.

हा शेवटचा नियम चुलत्यांनी आणि मामांनी दोनदा वाचावा. तुमची जीप, तुमचा धाबा, तुमचा फ्लेक्स याने मुलीचे भले होत नाही. उलट तिच्यावर तक्रार होऊन निवड रद्द व्हायची वेळ येते. याशिवाय आपल्या विद्यापीठाचे वेगळे नियम असतात. अर्जाच्या तारखा, वयाची अट, लागणारे कागद हे तिने नोटीस बोर्डावरून स्वतः उतरवून घ्यावे.

मग प्रचार करायचा कसा? पैसा लागत नाही, पाय लागतात. एस.टी.तून येणाऱ्या मुलींची एक यादी करायची, वसतिगृहातल्या मुलींची दुसरी, गावातच राहणाऱ्यांची तिसरी. तिन्हींची दुखणी वेगळी असतात. पहिल्या यादीला बसची वेळ हवी, दुसरीला रात्रीचा दिवा आणि बरे जेवण, तिसरीला वाचनालय उशिरापर्यंत उघडे. प्रत्येकीला ‘तुला काय नडतं?’ एवढेच विचारायचे आणि वहीत लिहायचे. वर्गात बोलायला दोन मिनिटे मिळाली तर तीन कामे सांगायची, दहा नाही. ‘सगळे प्रश्न सोडवीन’ म्हणणाऱ्याला आपणही मत देत नाही, मग मुले कशी देतील? मुलांच्या मताचेही तसेच. बसची वेळ बदलली तर गावाकडची मुलेही त्याच बसने जाणार आहेत, हे सांगितले की त्यांना वेगळे पटवावे लागत नाही.

ग्रामपंचायतीने शिकवलेला धडा

हे सगळे आपल्याला नवे आहे का? मुळीच नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेने शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले, तेव्हा लाखांवर बायका डोक्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन आल्या होत्या. १९८९ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत जळगाव जिल्ह्यातील विटनेरसारख्या गावी सगळ्या बायकांचे पॅनेल निवडून आले. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा महिलांना मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या झाल्या.

या काळात दोन प्रकारच्या बाई सरपंच आपण पाहिल्या. एक सही करणारी. शिक्का नवऱ्याच्या खिशात, खुर्चीवर नवरा आणि गावात त्याचे नाव ‘सरपंचपती’. दुसरी, पहिले सहा महिने चाचरत बोलणारी, पण स्वतः दप्तर उघडून पाहणारी. नळाची वेळ, अंगणवाडीची जागा, दारूच्या गुत्त्याचा ठराव असल्या गोष्टी तिने पदरात पाडून घेतल्या. दोघींची जागा कायद्याने एकच. मग फरक कशाने पडला? घरच्यांनी एकीला हाताने धरून बसवले आणि दुसरीला हात सोडून चालू दिले, याने.

आता विचार करा. तिशी-चाळिशीत पहिल्यांदा माईक हातात धरणाऱ्या बाईला जे जड गेले, ते तुमच्या मुलीला एकोणिसाव्या वर्षी शिकायला मिळत असेल तर? अर्ज लिहिणे, सभेत विषय मांडणे, विरोधात बोलणाऱ्याचे ऐकून घेणे, पाच हजारांच्या आत हिशेब बसवणे. ही विद्या कोणत्या पुस्तकात नाही. उद्या ती बचत गटात बसेल, दूध संघावर जाईल, नोकरीत असेल नाहीतर सासरच्या गावात सदस्य होईल. तिथे हीच शिदोरी कामाला येईल.

गावाने काय करायचे?

बापाने करायचे ते थोडकेच. अर्ज तिलाच भरू द्यावा. बैठक असेल त्या दिवशी घरी यायला उशीर होईल, हे आधी धरून चालावे आणि फाट्यावर घ्यायला जावे. कापणीचा, वेचणीचा दिवस आणि मतदानाचा दिवस एकच आला, तर एक मजूर जास्त लावावा. अभ्यास मागे पडतोय का, हे जरूर विचारावे. पण ते विचारताना धाक नको.

आईने करायचे ते आणखी मोठे. ‘कॉलेजात काही झालं तरी मला सांग, तुझं शिक्षण बंद होणार नाही,’ हे वाक्य तिने मुलीला एकदा तोंडाने म्हणून दाखवावे. मनात असून भागत नाही, मुलीच्या कानावर पडावे लागते.

ग्रामसेवक भाऊसाहेबांसाठीही काम आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिला कॉलेजात जाणाऱ्या मुलींना मुद्दाम बोलवा. एस.टी.ची वेळ गैरसोयीची असेल तर तसा ठराव घेऊन आगार व्यवस्थापकांना पाठवा. एलआरने कॉलेजकडून दिलेले पत्र आणि चार गावांचे ठराव एकाच टेबलावर गेले, की कामाला वजन येते. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर महामंडळ ६६.६७ टक्के सवलत देते. पण बसच वेळेवर नसेल तर त्या सवलतीचे काय करायचे?

तलाठी भाऊसाहेब, तुमच्याकडेही एक मागणे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना, घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. तुमचा अहवाल आठ दिवस अडकला तर मुलीचा प्रवेश अडकतो. प्रवेशाच्या दिवसांत हे अर्ज वेगळ्या गठ्ठ्यात ठेवाल, तर पुष्कळ मुलींचे हेलपाटे वाचतील.

एक शंका कोणी तरी काढणारच. एवढे करून मुलगी पडली तर? पडू द्या. आपण सोसायटीला पडलो, बाजार समितीला पडलो, म्हणून शेती सोडली नाही. तिच्याजवळ तीन याद्या आहेत, वहीत मुलींची दुखणी लिहिलेली आहेत. निवडून आलेल्या मुलीला ती वही तिने नेऊन द्यावी आणि महिन्याने ‘नळाचं काय झालं?’ असे विचारावे. निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचेही काम असते, आणि ते जितके चोख, तितका निवडून आलेला सरळ चालतो. हे गावात आपल्याला जमले नसेल, तर निदान मुलींना जमू द्यावे.

तेव्हा यंदा कॉलेजची नोटीस लागली आणि लेकीने विषय काढला, तर एवढेच विचारा: ‘निवडून आलीस तर पहिलं काम कोणतं करशील?’ तिच्याजवळ उत्तर असेल, तर तिला आपल्या परवानगीची गरज नाही, सोबतीची आहे. आणि उत्तर नसेल, तर ते शोधायला तिला बसमधल्या मुलींमध्ये चार दिवस हिंडू द्या. सापडेल.